आगामी कार्यक्रम : एका वार्तापत्राची झडती

दलित साहित्यावर लिहिणाऱ्यांना एक सवय लागली आहे. कवितासंग्रह आला की त्यावर लिहायचं, आत्मकथन आलं की त्यावर लिहायचं आणि मधल्या वेळात सौंदर्यशास्त्र कुणाचं यावर भांडायचं. भांडण खोटं नाही, ते झालंच पाहिजे. पण आपल्या पोरापोरींच्या डोळ्यांखालून रोज जो मजकूर जातो तो कवितेचा नसतो. तो नोटीस बोर्डावरचा असतो, निमंत्रणपत्रिकेवरचा, बॅनरवरचा, कॉलेजच्या वार्तापत्रातला असतो. ह्या मजकुराला कुणी वाङ्मय म्हणत नाही, म्हणून त्याची कुणी उलटतपासणी करत नाही, आणि तो सुखानं खोटं बोलत राहतो.

माझ्यापुढं असं एक वार्तापत्र पडलंय. चार पानं, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. आमच्या गावाबाहेर माळावर एका विद्यापीठाचं छोटं उपकेंद्र आहे, त्याचं हे. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच म्हणतो, ते तिथलं आहे, आमच्या कॅम्पसात असलं काही नाही. पहिल्या तीन पानांवर 'वृत्तविशेष' आणि चौथ्यावर 'आगामी कार्यक्रम'. मी सूतगिरणीत रिंग खात्यावर आहे. शाळा दहावीपर्यंत, पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि मित्रांच्या फाटक्या पुस्तकांत. त्या कॅम्पसच्या कुठल्याच हजेरीपटावर माझं नाव नाही. तरी त्या चार पानांवर माझा हक्क आहे असं मी समजतो. सरकारी पैशानं छापलेल्या कागदाला माझ्यासारख्याचाही पैसा लागलेला असतो.

गिरणीत पाळी सुटली की दारावर आमची झडती होते. डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे, मग वॉचमन कंबर चाचपणार. ज्यांच्या हातून दिवसाला पोत्यांनी सूत निघतं त्यांच्यावर दोन बॉबिनींचा संशय! तर ही झडती काय असते ते मला ठाऊक आहे. तीच ह्या चार पानांची घ्यायची.

पहिली बातमी जयंतीची. तिचा मासला असा : महामानवाच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण करून अभिवादन करण्यात आले, याप्रसंगी मान्यवरांनी मोलाचे मार्गदर्शन केले, विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते, सूत्रसंचालन अमुक यांनी तर आभारप्रदर्शन तमुक यांनी केले, राष्ट्रगीताने कार्यक्रमाची सांगता झाली. खालची बातमी कार्यशाळेची, तिच्याखालची वृक्षारोपणाची, त्याच्याही खालची सत्काराची. महामानव काढून आंब्याचं रोप ठेवा, रोप काढून निवृत्त होणारा अधिकारी ठेवा, बातमी तसूभर हलत नाही. म्हणजे ही बातमी घडण्याच्या आधीच लिहून तयार असते आणि कार्यक्रम तिच्यासाठी केला जातो.

आता क्रियापदं बघा. मराठीतला कर्मणी प्रयोग काही वाईट नाही. पण इथं त्याला एकाच कामाला जुंपलंय, कर्ता दडवायच्या. वसतिगृह तूर्त बंद ठेवण्यात आले आहे. कुणी ठेवलं? अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत. कोण घेणार नाही? ग्रंथालयाच्या वेळेत बदल करण्यात आला आहे. कुणी केला, कुणाला विचारून केला? आणि शाल-श्रीफळाची वेळ आली की बघा, तोच कर्ता एकदम अवतरतो. नुसता नाही, 'मा.' लावून, डॉक्टरेट लावून, पद लावून आणि 'शुभहस्ते'. मानाचं काम असलं की कर्ता हजर, जाबाचं काम असलं की कर्ता फरार. आमच्याकडं हे उलट्या बाजूनं चालतं एवढंच. उत्पादनाचा आकडा लागतो तेव्हा कामगार कुठंच नसतो. दंडाच्या रजिस्टरात मात्र नाव, नंबर, पाळी सगळं बिनचूक असतं. व्याकरण दोन्हीकडं एकाच मालकाचं.

'मोठ्या संख्येने' हा शब्दही उचलून बघण्यासारखा आहे. रिंग खात्यात किती धागे तुटले याची नोंद होते, किती बॉबिनी उतरल्या याची होते, पोराला लघवीला किती वेळ लागला याचीसुद्धा होते. इथं एवढ्या शिकलेल्या लोकांना समोरच्या खुर्च्या मोजता येत नाहीत? येतात. पण मोजल्या की विचारावं लागतं की त्यांत मुली किती, गावाकडून एसटीनं येणारे किती, सक्तीनं बसवलेले किती आणि हजेरी लागल्यावर मागच्या दारानं गेलेले किती. फोटोतही तेच. दिव्याच्या एका वातीवर पाच हात, पाच चेहरे कॅमेऱ्याकडं. विद्यार्थ्यांची फक्त डोक्याची मागची बाजू. तीन पानांत माणसाच्या पोराचा एक चेहरा नाही. ज्यांच्यासाठी हे कॅम्पस बांधलं त्यांची टाळकी तेवढी छापून आली आहेत.

मला सगळ्यात जास्त राग 'मोलाचे मार्गदर्शन' या दोन शब्दांचा येतो. माणूस तासभर बोलला. काय बोलला? एक वाक्य लिहा ना. चूक असेल, वादाचं असेल, पण एक वाक्य. ते नाही. मोल तेवढं सांगितलंय, माल दाखवलेलाच नाही. बाजारात असा व्यवहार केला तर लोक मारतील.

ह्याला ताडून बघायला मी दुसरा एक कार्यक्रम घेतो. तोही कॅम्पसातलाच आहे, लहानच आहे. ९ मे १९१६. न्यूयॉर्क शहर, कोलंबिया विद्यापीठ. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात पंचवीस वर्षांच्या एका परदेशी विद्यार्थ्यानं निबंध वाचला. विषय होता भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि वाढ. त्या पोरानं तिथं काय मांडलं? जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे. बायकापुरुषांची संख्या जातीच्या आत सारखी राखायची तर नवरा मेलेल्या बाईचं आणि बायको मेलेल्या पुरुषाचं काय करायचं हा जातीपुढचा पेच. सती, लादलेलं वैधव्य आणि बालविवाह ह्या त्या पेचावर काढलेल्या युक्त्या. १९१७ साली तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी आपण त्यावर भांडतोय, शिकतोय. आता हीच बातमी आमच्या उपकेंद्राच्या वार्तापत्रात आली असती तर? 'विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांनी जाती या विषयावर अभ्यासपूर्ण विचार मांडले. डॉ. गोल्डनवायझर अध्यक्षस्थानी होते.' संपलं. सती गेली, बालविवाह गेला, जातही गेली. राहिला तो अध्यक्ष.

कुणी म्हणेल, कॉलेजच्या पत्रकाकडून एवढी अपेक्षा कशाला? मी म्हणतो, का नाही? आपल्या चळवळीला कॅम्पस म्हणजे काय ते माहीत नाही असं थोडंच आहे? नागसेनवन आठवा. पीपल्स एज्युकेशन सोसायटी बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी काढली. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज २० जून १९४६ ला सुरू झालं. औरंगाबादला, ज्या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, तिथं १९५० साली कॉलेज निघालं. निजामाची राजवट जाऊन दोन वर्षं होत नव्हती, सगळ्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा दुष्काळ होता. १९५१ च्या १ सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. म्हणजे हस्ते तिथंही होतेच. पण कोनशिलेवर थांबलं नाही. बाबासाहेबांनी कॉलेजाला नाव दिलं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन.

ह्या नावांवर जरा थांबायला पाहिजे, कारण नुसती बुद्धाच्या घरातली नावं म्हणून आपण ती म्हणतो आणि पुढं जातो. मिलिंद हा ग्रीक राजा, प्रश्न विचारणारा. नागसेन हा भिक्खू, उत्तर देणारा. 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ सगळाच्या सगळा प्रश्नांचा आहे. त्यात सुरुवातीलाच एक ठिकाण येतं. राजा म्हणतो, माझ्याशी वाद कराल का? नागसेन म्हणतो, पंडितांसारखा वाद करणार असशील तर करीन, राजांसारखा करणार असशील तर नाही. फरक काय? पंडितांच्या वादात गुंतवणं असतं, सोडवणं असतं, कुणी हरतो, चूक निघते, ती मान्य होते आणि त्यावरून कुणी रागावत नाही. राजा एक मुद्दा धरतो आणि जो विरुद्ध बोलेल त्याला शिक्षा ठोठावतो. आणि तो राजा, ज्याच्या हातात फौज होती, तो पंडितांच्या वादाला कबूल झाला. बाबासाहेबांनी नाव ठेवलं ते ह्या माणसाचं. आपल्या कॉलेजाला त्यांनी विजेत्याचं नाव दिलं नाही, विचारणाऱ्याचं दिलं.

आता आमचं वार्तापत्र घेऊन बसा. तीन पानांत एक प्रश्नचिन्ह सापडेना. मी दिव्याखाली धरून बघितलं. एकाही कार्यक्रमात कुणी उठून काही विचारलं, वक्ता अडला, पोरगी म्हणाली की सर मला हे पटत नाही, असं काही नाही. झालंच नसेल का? मला माहिती आहे की झालं होतं. संविधान दिनाच्या व्याख्यानानंतर एका पोरीनं विचारलं की आरक्षित जागांवरची प्राध्यापकांची पदं रिकामी का. पाहुण्यांनी घड्याळाकडं बघितलं, संचालकांनी सूत्रसंचालकाकडं बघितलं आणि आभार सुरू झाले. छापील बातमीत आहे, 'व्याख्यान उत्साहात संपन्न'. ही नागसेनानं सांगितलेली राजाची तऱ्हा झाली, फक्त शिक्षेच्या जागी आभार आले.

त्याच ग्रंथात रथाची गोष्ट आहे, ती तुम्हाला बहुतेक ठाऊक असेल. राजा रथातून आला होता. नागसेन त्याला विचारतो, दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे? चाकं म्हणजे? राजा सगळ्याला नाही म्हणतो. मग रथ कुठं आहे? सगळ्या भागांच्या जुळणीला दिलेलं ते नाव. मी त्या चार पानांना असंच विचारत गेलो. इमारत म्हणजे कॅम्पस का? संचालकाची खुर्ची? मूल्यांकनाला समिती येणार म्हणून रंगवलेली भिंत? वार्तापत्र म्हणतं, व्यासपीठ म्हणजे कॅम्पस. कारण व्यासपीठावर जे नाही ते त्याच्या लेखी नाहीच. पहाटे वर्ग झाडणारी कंत्राटी बाई नाही, वसतिगृहात डाळ पातळ झाली म्हणून बोंबलणारी पोरं नाहीत, तासिका तत्त्वावर पाच-पाच वर्षं शिकवणारा, जूनमध्ये घेतला जाणारा आणि मार्चमध्ये सोडला जाणारा मास्तर नाही. तो तर आमच्या गिरणीतल्या बदली कामगाराचा सख्खा भाऊ आहे, गळ्यात टाय घातलेला.

मिलिंदच्या कॅम्पसात काय कार्यक्रम होत असत ते ऐका. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. त्यांनी 'युगयात्रा' नावाचं नाटक लिहिलं, १९५५ साली विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केलं आणि १९५६ त नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी लाखोंच्या गर्दीपुढं झालं. म्हणजे एका कॉलेजच्या संमेलनाचा कार्यक्रम दीक्षेच्या मैदानापर्यंत चालत गेला. पुढं म. ना. वानखडे प्राचार्य झाले. ते अमेरिकेत शिकून आलेले, तिथल्या काळ्या लोकांचं लेखन त्यांनी इथल्या पोरांपुढं टाकलं आणि म्हणाले, बघा, हे असं लिहिता येतं. त्याच परिसरात १९६७ च्या सुमारास 'अस्मिता' निघालं, त्याचं 'अस्मितादर्श' झालं आणि गंगाधर पानतावण्यांनी ते अनेक दशकं ओढलं. त्यात लिहिणारी किती पोरं कोरडवाहू गावातून पहिल्यांदा शहरात आलेली होती! कॅम्पसचं छापील पान काय करू शकतं याचा हा पुरावा आपल्याच घरात आहे. वसतिगृहातल्या पोराचा मजकूर त्यानं मराठी साहित्याच्या मधोमध आणून ठेवला आणि मग प्रस्थापितांना वळून बघावं लागलं.

म्हणून मला चार रंगांचं अप्रूप वाटत नाही. आपलं हे पान बघा, शाई हाताला लागते, मधल्या ओळी फिकट उमटतात, स्टेन्सिल फाटली की 'क्ष' चा 'श' होतो. पण ह्यात कुणीतरी कुणाला काहीतरी सांगत असतं.

आता चौथं पान, आगामी कार्यक्रम. तारखांची यादी आहे. ३ जानेवारी सावित्रीबाई, ११ एप्रिल जोतीराव, १४ एप्रिल बाबासाहेब, २६ नोव्हेंबर संविधान, ६ डिसेंबर महापरिनिर्वाण. ह्या तारखा कॅलेंडरात आणायला आपल्या बापजाद्यांनी डोकी फोडून घेतली आहेत, ते मी विसरत नाही. ह्या तारखा नसलेली वार्तापत्रं ज्यांनी बघितली त्यांना विचारा. पण बघा, प्रत्येक तारखेपुढं वेळ काय? सकाळी ११. सगळीकडं सकाळी ११, स्थळ मुख्य सभागृह. अकरा वाजता गावात मोकळा कोण असतो? पहिल्या पाळीचा माणूस मशीनवर असतो, रात्रपाळीचा झोपलेला असतो, शेतमजूर बाई कापसात असते. अकरा वाजता मोकळा असतो पाहुणा. कार्यक्रम कुणासाठी आहे ते पत्रिकेवरच्या नावांपेक्षा घड्याळावरून जास्त खरं कळतं.

सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग होते, नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी. हे कुणाला सुचलं? परळच्या चाळीत राहून ज्यानं अभ्यास केला त्याला सुचलं. भोंगा वाजला की चाळ कशी रिकामी होते ते त्यांनी रोज बघितलं होतं. वेळापत्रकसुद्धा कुणाच्या तरी बाजूनं असतं. आमच्या उपकेंद्राचं ग्रंथालय साडेपाचला बंद होतं आणि माझी पहिली पाळी चारला सुटते. अंघोळ करून सायकल मारत पोचेपर्यंत पाच. 'बाहेरच्या वाचकांस प्रवेश' ह्या पाटीखाली अर्ज करून मी दोन महिने थांबलो, मग कळलं की अर्ज विचारात घेण्यात आला नाही. कुणी घेतला नाही ते, वर सांगितल्याप्रमाणे, व्याकरणाला माहीत.

नारायण सुर्वे गिरणीत होते, शाळेत शिपाई होते, मग मास्तर झाले आणि १९६६ साली त्यांच्या संग्रहाचं नाव आलं 'माझे विद्यापीठ'. आजकाल हे नाव घेऊन कॅम्पसवाले भाषणात खूश असतात. रस्ता हेच कामगाराचं विद्यापीठ, वा! म्हणजे त्यानं रस्त्यावरच राहावं, आम्ही इथं बसतो. सुर्व्यांच्या त्या नावात दार बंद करणाऱ्यांवर एक रोख होता. तो काढून घेऊन त्याचा गोड सुविचार करणं ही साधी चोरी नाही. रस्त्यानं मला शिकवलं हे खरं, पण रस्त्यावर 'इंडियन अँटिक्वेरी' मिळत नाही.

माझ्या कवितेचंही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल हा त्याचाच डूख धरून लिहितोय. धरलाय थोडासा. त्या उपकेंद्रात काव्यवाचन होतं, मला 'कामगार कवी' म्हणून बोलावलं. जेवणानंतरचा वेळ दिला. एकानं हळूच सांगितलं, गिरणीवरची एखादी म्हणा, छान वाटतं. मी म्हटली ती त्याच कॅम्पसातल्या सफाईच्या कंत्राटावर, तीन महिने पगार न झालेल्या बायकांवर. दोघीजणी दारात झाडू घेऊन उभ्या होत्या, त्या ऐकत होत्या. सभागृहात गार पडलं. वार्तापत्रात ओळ आली, 'तसेच इतर स्थानिक कवींनी आपल्या बहारदार रचना सादर केल्या.' बहारदार! नाव गेल्याचं मला एवढं नाही, 'इतर' मध्ये आपण पिढ्यान्पिढ्या राहिलोय. पण थकलेल्या पगाराला बहारदार म्हणणारी भाषा किती निगरगट्ट असेल? ह्या शब्दानं कविता मारली आणि पगारही मारला.

कॅम्पसची बातमी किती मोठी होऊ शकते ते मराठवाड्याला विचारा. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला स्थापन झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ ला केला. एका विद्यापीठाच्या पाटीची बातमी! आणि तिच्यापायी ज्यांनी ते विद्यापीठ कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं अशांची घरं नांदेड, परभणीकडच्या खेड्यांत जळाली. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जिवंत ठेवलं नाही. त्यांचा मुलगा त्या विद्यापीठात होता का, त्यांना तिथं काही मिळणार होतं का? मारणाऱ्यांनी हा हिशेब केला नाही. त्यांना बरोबर कळलं होतं की कॅम्पसचं नाव म्हणजे गावातली जागा. १९७९ ला लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले, १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ठराव झाला तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार आणि अंमल झाला तेव्हाही तेच. मध्ये सोळा वर्षं. नाव दिलं तेही 'मराठवाडा' तसंच ठेवून, आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ काढून.

दर १४ जानेवारीला त्या विद्यापीठाच्या दारावर लोक येतात. म्हाताऱ्या येतात, लेकरं खांद्यावर घेऊन बाप येतात, दाराला हात लावतात. ह्या कार्यक्रमाला कुणी प्रमुख पाहुणा लागत नाही. आणि कॉलेजाकॉलेजांच्या वार्तापत्रांत त्याची बातमी कशी येते? 'नामविस्तार दिनानिमित्त अभिवादन करण्यात आले.' पोचिराम नाही, गौतम नाही, १९७८ नाही. नामविस्तार जणू आपोआप झाला, उन्हाळा येतो तसा. मी म्हणतो, निदान सोळा हा आकडा तरी छापा.

आणि जे कधीच छापून येत नाही ते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते त्या काळात. तेव्हापासून तो पैसा येतो कधी, अडतो कुठं, त्याच्यावाचून परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला म्हणून शिक्षण सुटलं कुणाचं, ही प्रत्येक कॅम्पसची दर वर्षाची सगळ्यात मोठी बातमी आहे. आमच्या वार्तापत्रात ती चौथ्या पानाच्या तळाला चौकटीत आहे, अर्जाची अंतिम मुदत, बारीक टाइपात. सत्काराच्या फोटोखालच्या ओळीपेक्षाही बारीक.

रोहित वेमुला हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करत होता. त्याच्यासह पाच जणांना वसतिगृहातून काढलं, त्यांनी कॅम्पसातच उघड्यावर पथारी मांडली आणि त्या जागेला नाव दिलं वेलीवाडा. तेलुगूत वेलीवाडा म्हणजे गावाबाहेरची आपली वस्ती. फेलोशिप महिनोन्महिने थकलेली. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. माझ्या डोळ्यापुढं त्याचं जाणं येतंच, पण त्याच्या आधीचे ते दिवसही येतात. विद्यापीठाच्या मधोमध महारवाडा उभा राहिला, पाच पोरांनी तो स्वतःच्या हातानं बांधला आणि त्याला खरं नाव दिलं. कॅम्पसावर त्या वर्षी लिहिली गेलेली सगळ्यात अचूक ओळ कुठली, तर ती पाटी. गावकुसाबाहेरची जागा शिकून सुटत नाही, ती हॉस्टेलच्या दारापर्यंत पाठीमागं येते, एवढं सगळं एका शब्दात. ह्याला मी साहित्य म्हणतो. सौंदर्यशास्त्रवाल्यांनी ह्यावर लिहावं.

इथपर्यंत वाचून तुम्ही खूश झाला असाल तर आता आपल्याकडं वळू या. माझ्याकडं आपल्या संघटनांची, आपल्या विद्यार्थी मंडळांची पत्रकंही आहेत. त्यांची झडती घेतली तर काय निघतं? 'भव्य दिव्य'. 'युवा हृदयसम्राट'. 'यांच्या शुभहस्ते'. वर बाबासाहेबांचा फोटो रुपयाएवढा आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो भाकरीएवढे. अहवालात 'अभिवादन करण्यात आले', 'उत्साहात संपन्न'. तीच मशीन, तेच सूत, फक्त रंग निळा. मुलींची नावं स्वागतगीतापुढं आणि रांगोळीपुढं, भाषणापुढं नाहीत. सावित्रीच्या जयंतीला अध्यक्ष पुरुष, प्रमुख पाहुणा पुरुष, आभार मानायला मुलगी! गेल्या वर्षी एका पत्रकात मी विचारलं, मोर्च्यात लाठी खाल्लेल्या पोरीचं नाव का नाही? उत्तर आलं, पत्रकात जागा नव्हती. शुभेच्छुक एकोणीस होते.

मित्रांनो, हे चिडून लिहितोय ते अशासाठी की नक्कल सगळ्यात आधी भाषेची होते, खुर्चीची त्याच्यामागून. मोर्चा काढणारं पोरगं आपल्या अहवालात 'करण्यात आले' लिहायला लागलं की ओळखावं, ते आता कर्ता दडवायला शिकलं.

मग लिहायचं कसं? सिद्धांत सांगत नाही, एक नमुना देतो. त्याच उपकेंद्राची एक बातमी मी माझ्या परीनं लिहिली आहे :

'सोमवारी वसतिगृहाच्या नळाला पाणी आलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींनी संचालकांच्या दारापुढं रिकाम्या बादल्या ओळीनं मांडल्या. बादल्या एकतीस होत्या. संचालक मागच्या दारानं गेले. चार वाजता टँकर आला. टँकरवाल्यानं सांगितलं, त्याला सकाळी कुणी फोनच केला नव्हता. मुलींनी वॉर्डनला विचारलं, फोन कुणी करायचा असतो? वॉर्डननं उद्या सांगते म्हटलं. उद्या मंगळवार आहे.'

ह्यात अलंकार नाही. पण कोण कुठं उभा होता ते कळतं, आकडा आहे, एक प्रश्न आहे आणि आगामी कार्यक्रमसुद्धा आहे. ज्या मुलीनं मला हे सांगितलं तिला मी म्हटलं, तूच लिही. ती म्हणाली, माझं मराठी शुद्ध नाही. शुद्ध मराठीनं काय दिवे लावले ते तीन पानं आपण बघितलेच.

तर जे कॅम्पसात आहेत त्यांनी एवढं करावं. नोटीस बोर्डापुढं वही घेऊन उभं राहावं आणि महिनाभरात लागलेली प्रत्येक नोटीस तारखेसह उतरवून घ्यावी, लावलेली आणि काढलेलीही. पुढं एका रकान्यात लिहावं, ह्यातला कर्ता कोण. दुसऱ्यात लिहावं, त्या दिवशी खरं काय झालं. तासिकावाल्या मास्तरांना, मेसवाल्यांना, झाडणाऱ्या बायकांना विचारून लिहावं. मुंबईच्या पोरांनी पाठवावं, नांदेड, सोलापूर, अमरावतीच्याही पाठवावं. कागद कसलाही चालेल, पाठकोरा असला तरी. पुढच्या अंकाची स्टेन्सिल महिनाअखेर कापायला घेणार आहोत आणि त्या आठवड्यात माझी दुसरी पाळी आहे, म्हणजे सकाळ मोकळी. अकरा वाजता मी घरीच असेन.